पसरट कुंडीतला वड : बोन्सायची पहिली वर्षं

(समुदाय रेडिओवरील भाषण)



परसबाग, गांडूळखत, रोपवाटिका या विषयांवर आपण या कार्यक्रमात बोललो आहोत. आज बोन्सायवर बोलणार आहोत. विषय जरा शहरी वाटेल, पण अलीकडे गटांच्या बैठकांत हा शब्द वरचेवर ऐकू येतो. कुणी तालुक्याला किंवा जिल्ह्याला प्रदर्शनात जाते, पसरट कुंडीतला हातभर वड बघते, त्याच्यावर लावलेली किंमत बघते, आणि पुढच्या बैठकीत विचारते, "ताई, हे आपल्याला जमेल का? गटातून कर्ज काढून पन्नास कुंड्या केल्या तर?"

यात खरे तर दोन प्रश्न आहेत. झाड जमेल का, हा पहिला. त्याचं उत्तर आहे, नक्की जमेल. ज्या बाईला मिरचीचं रोप जगवता येतं, तिला बोन्साय जगवता येतं. कर्ज काढायचं का, हा दुसरा. त्याचं उत्तर शेवटी बघू, कारण झाड कसं सांभाळायचं हे कळलं की त्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

बोन्साय म्हणजे काय

हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. भांड्यात लावलेलं झाड, एवढाच त्याचा अर्थ. ही कला मुळात चीनमधली, तिथून ती जपानात गेली आणि तिथं नावारूपाला आली.

बोन्साय ही झाडाची वेगळी जात नसते. बोन्सायचं बी वेगळं मिळत नाही. पारावरचा वड आणि कुंडीतला वड एकच. पारावरच्या वडाचं बी कुंडीत लावून छाटत राहिलं तर त्याचं बोन्साय होईल, आणि बोन्साय काढून जमिनीत लावलं तर तो पुन्हा मोठा वड व्हायला लागेल. कुणी 'खास बोन्सायचं बी' म्हणून पाकीट विकायला आणलं, तर त्यात साध्या झाडाचंच बी असतं हे ध्यानात ठेवा.

बऱ्याच बायका विचारतात, हा झाडाचा छळ नाही का? उपाशी ठेवून त्याला खुजं करायचं? प्रश्न रास्त आहे. पण बोन्साय उपाशी ठेवून लहान राहत नाही. शेंडे आणि मुळं वेळच्या वेळी छाटल्यामुळे ते लहान राहतं. नाशिक-सांगलीकडं द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एकदा एप्रिलमध्ये, एकदा ऑक्टोबरच्या सुमारास. त्यानं वेल मरत नाही, नवी फूट घेते. मेंदीचं कुंपण आपण वर्षानुवर्षं कापतो. इथंही तसंच आहे. उपाशी ठेवलेलं झाड लहान राहत नाही, ते मरून जातं.

नीट सांभाळलेलं बोन्साय किती जगतं, याचं एक उदाहरण सांगतो. जपानमध्ये हिरोशिमा शहरात यामाकी नावाच्या कुटुंबाकडं पाइनचं, म्हणजे चिडाच्या जातीचं, एक बोन्साय होतं. ते १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेलं आहे असं मानतात. म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्याही आधीपासून. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. यामाकींचं घर तिथून साधारण तीन किलोमीटरवर होतं. घराच्या काचा फुटल्या, पण झाड अंगणाच्या भिंतीच्या आडोशाला होतं, ते वाचलं. १९७६ साली त्या कुटुंबानं ते झाड अमेरिकेला भेट दिलं. आज ते वॉशिंग्टनच्या सरकारी वृक्षसंग्रहालयात आहे. ते बॉम्बमधून वाचलेलं झाड आहे ही गोष्ट तिथल्या लोकांना २००१ मध्ये कळली, यामाकींचे नातू झाड बघायला गेले तेव्हा.

या गोष्टीतलं आपल्या कामाचं म्हणजे, ते झाड इतकी वर्षं जगलं याचा अर्थ इतकी वर्षं कुणीतरी रोज त्याला पाणी घालत होतं. शेतातल्या वडाला पाणी कमी पडलं तर तो मुळं खोल नेतो, शेजारच्या विहिरीपर्यंत नेतो. कुंडीतल्या वडाला जागा असते चार बोटं मातीची. त्याला दुसरीकडं जाता येत नाही. जे मिळेल ते आपल्या हातून. बोन्सायची सगळी काळजी या एका गोष्टीतून निघते.

झाड कोणतं घ्यायचं आणि आणायचं कुठून

पहिल्या झाडासाठी वड, नांदरूक, उंबर आणि पिंपळ ही आपली माणसाळलेली झाडं चांगली. त्यातही नांदरूक सगळ्यात सोपं, कारण त्याची पानं मुळातच लहान असतात. वडाची आणि पिंपळाची पानं छाटणीनं आणि उन्हानं थोडी लहान होतात, पण एका मर्यादेपर्यंतच. जेड नावाचं जाड, गोल पानांचं रोपही सोपं असतं. त्याला पाणी कमी लागतं. बोगनवेल, म्हणजे आपलं कागदी फूल, चिवट असते आणि फुलते. डाळिंबाचं बोन्साय सुंदर होतं, पण तेल्या रोग असलेल्या बागेतली काडी आणू नका.

रोपं विकत घ्यायची गरज नाही. पाखरं वडाची, पिंपळाची, उंबराची फळं खातात आणि बी टाकतात भिंतीच्या फटीत, छपराच्या कोपऱ्यात, शाळेच्या पन्हळीखाली. तिथं उगवलेली रोपं कुणीतरी उपटून टाकणारच असतं, कारण ती भिंत फोडतात. आपल्याला नेमकी तीच हवीत. दोन दगडांच्या मध्ये दबून अशा रोपांचा बुंधा बहुतेक वेळा जाड, गाठाळ झालेला असतो. नर्सरीतल्या रोपाला तसा बुंधा यायला वर्षं लागतात.

चार-पाच दिवस चांगला पाऊस झाला की फटीतली माती मऊ होते. तेव्हा ज्यांची भिंत आहे त्यांना विचारून, हळूहळू हलवत, होईल तेवढ्या मुळांसकट रोप काढा. लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा. विहिरीच्या आतल्या रोपासाठी मात्र कुणीही वाकायचं नाही. कुठलंही रोप त्या जोखमीच्या लायकीचं नाही.

दुसरा रस्ता फांदीचा. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या तोडून आणतात आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. फांदी तोडूच नये, झाडापाशी जाऊन पुजावं, हे आपण दरवर्षी सांगतो. पण तुटून आलेली, अजून ताजी असलेली, अंगठ्याएवढी जाड फांदी दिसली तर फेकू नका. तिचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे करा. वरचं एखादं पान ठेवून बाकी पानं काढा, चीक धुऊन घ्या आणि तुकडा एक तृतीयांश मातीत जाईल असा सावलीत लावा. ज्येष्ठाचे दिवस असतात, पाऊस सुरू झालेला असतो, वडाची फांदी मूळ धरायला हाच चांगला काळ. चार लावले तर एक-दोन फुटतील, या हिशेबानं जरा जास्तच लावा. जेडची फांदी मात्र तोडल्यावर दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मग लावायची, नाहीतर कुजते.

जंगलातून आणि देवराईतून झाड उपटून आणायचं नाही. राखीव वनातून झाडं काढायला भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणं बंदी आहे. आणि कायदा नसता तरी देवराईला हात लावणं आपल्याला शोभलं नसतं.

कुंडी आणि माती

पहिल्या वर्षी पसरट कुंडी घेऊच नका. साधी मातीची कुंडी किंवा तेलाचा कापलेला डबा चालतो. बुडाला चार-पाच भोकं हवीत, प्रत्येक भोकावर डासांच्या जाळीचा तुकडा. या कुंडीत झाड मुळं धरेल, खोड जाड करेल. खोड जाड व्हायचं तर झाडाला मोकळं वाढू द्यावं लागतं. पहिल्या दिवसापासून छाटत बसलं तर खोड काडीसारखंच राहतं.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात पसरट कुंडी. तिचा अंदाज असा धरतात. कुंडीची खोली साधारण खोडाच्या जाडीएवढी, आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश. झाड पंधरा इंच उंच असेल तर कुंडी दहा इंच लांब.

आता माती. आपल्याला सवय आहे काळ्या मातीची, पण बोन्सायला ती चालत नाही. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. शेतात ठीक आहे, पण चार बोटांच्या कुंडीत त्या भेगांत मुळं तुटतात.

का ते एका प्रयोगानं कळेल. भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल, मग थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. म्हणजे आडव्या, बुटक्या वस्तूत पाणी जास्त अडून राहतं. पसरट कुंडीचं तसंच होतं, तळाशी पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. त्यावर उपाय एकच, माती भरड हवी, म्हणजे दाण्यादाण्यांमध्ये हवा राहील.

त्यासाठी मिश्रण घरीच करा. भाजक्या विटांचे तुकडे फोडून घ्या. आधी गव्हाच्या चाळणीनं चाळा, वर राहतील ते मोठे खडे बाजूला काढा. खाली पडलेलं पुन्हा पिठाच्या चाळणीनं चाळा आणि बारीक धूळ टाकून द्या. मधल्या आकाराचे, ज्वारीपासून मुगापर्यंतचे दाणे उरतात ते आपले. असे विटांचे दाणे दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. विटेचा दाणा पाणी धरून ठेवतो, वाळू निचरा करते, खत पोसतं. विटा फोडताना आणि चाळताना तोंडाला पदर किंवा रुमाल बांधा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

लावताना तुटकी, कुजकी मुळं कात्रीनं स्वच्छ कापा. मिश्रण मुळांच्या मधे शिरेल असं बांबूच्या काडीनं हळूहळू ढोसा, पोकळी ठेवू नका. झाड हलत असेल तर सुतळीनं कुंडीला बांधा, कारण हलत्या झाडाची नवी मुळं तुटतात. बुडातून पाणी येईपर्यंत पाणी घाला आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. या काळात वेगळं खत अजिबात नाही.

पाणी

नवशिक्या बाईचं झाड मरतं ते बहुतेक पाण्यामुळं. कधी कमी पडून, पण तितक्याच वेळा जास्त होऊन.

म्हणून घड्याळ बघून पाणी घालू नका, माती बघून घाला. एक काडी अर्धा-एक इंच खोल खुपसा आणि दोन मिनिटांनी काढा. काडी ओलसर असेल तर थांबा. कोरडी होत आली असेल तर घाला. आणि घालायचं ते बुडाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत, थोडं थांबून पुन्हा एकदा. वरवर शिंपडलेलं पाणी खालच्या मुळांपर्यंत जातच नाही.

ऋतूप्रमाणं साधारण अंदाज असा. चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. पावसाळ्यात झडीचे दिवस असतील तर अजिबात नको, उलट कुंडीखाली दोन विटा ठेवून निचरा मोकळा करा. पण पावसाळ्यात आठ दिवस उघडीप पडली की पाणी लागतं, हे विसरलं जातं. थंडीत दिवसाआड पुरतं. जेडला या सगळ्याच्या निम्म्याहून कमी, माती पूर्ण सुकल्यावरच.

पाणीटंचाई असलेल्या गावांतल्या मैत्रिणींचा प्रश्न असतो, माणसांना पाणी नाही आणि झाडाला कुठून आणू? एका लहान कुंडीला तांब्याभर पाणी पुरतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, भाजी धुतलेलं चालतं. साबणाचं आणि मिठाचं चालत नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मातीवर पांढरा थर येतो. तो खरवडून काढा, आणि पहिल्या मोठ्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवून क्षार धुऊन निघू द्या.

झाडाचं दुखणं ओळखायची खूण लक्षात ठेवा. माती ओली आणि पानं पिवळी पडून गळतायत, तर पाणी जास्त झालंय. माती कोरडी आणि पानं करपून कुरकुरीत, तर पाणी कमी पडलंय. पानं सगळी गळाली तरी झाड लगेच फेकू नका. उंबर आणि पिंपळ वर्षातून एकदा पानं झाडतातच. खोडाची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे.

ऊन, छाटणी, तार

बोन्साय घरात ठेवायची वस्तू नाही. टीव्हीच्या टेबलावर ठेवलेलं झाड काही आठवड्यांत पिवळं पडतं. त्याची जागा अंगणात, ओट्यावर, गच्चीवर. सकाळचं चार-पाच तास ऊन हवं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी बारानंतर सावली द्या, हिरवी जाळी नसेल तर जुनं लुगडं बांधा. सणाला, पाहुण्यांसाठी एक-दोन दिवस घरात आणलंत तर बिघडत नाही.

झाडानं पहिल्या वर्षी जोम धरला की छाटणी सुरू करा. सोपा नियम असा, फांदीला सहा-आठ पानं येऊ द्यायची आणि मग दोन-तीन पानं ठेवून वरची कापायची. कापल्या जागेखालून दोन फुटवे येतात. असं करत झाड दाट होतं. दोन फांद्या एकमेकींना घासत असतील, किंवा एकाच ठिकाणाहून तीन-चार निघाल्या असतील, तर नको ती काढा. डाळिंबाच्या बागेत वापरतात ते सिकेटर जाड फांदीला, शिवणकामाची धारदार कात्री शेंड्याला. वड-उंबराचा पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि काम झालं की हात धुवा.

फांदीला वळण देण्यासाठी तार गुंडाळतात. ॲल्युमिनियमची तार मऊ असते, ती बरी. तार फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी. जिन्यासारखी तिरकी गुंडाळायची, घट्ट आवळायची नाही, आणि मग फांदी दोन्ही हातांनी हळूहळू वाकवायची. पावसाळ्यात झाड भराभर वाढतं, त्यामुळे दर आठवड्याला तार बघा. सालीत रुतायला लागली की लगेच काढा. उलगडत बसू नका, तुकडे तुकडे करून कापा, नाहीतर फांदी मोडते. तार नसली तरी बिघडत नाही, सुतळीला दगड बांधून फांदी खाली ओढता येते. पहिल्या वर्षी तर तारेची गरजच नाही.

खत, कीड आणि कुंडी बदलणं

दाण्यादाण्यांच्या मातीत अन्न टिकत नाही, पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. शेंगदाण्याची पेंड मूठभर घेऊन पाच लिटर पाण्यात चार-पाच दिवस झाकून भिजवा, गाळा, आणि त्यात तेवढंच साधं पाणी मिसळून पंधरा दिवसांनी एकदा द्या. झाड वाढीला लागलेलं असेल तेव्हाच. आजारी झाडाला आणि नुकत्याच लावलेल्या झाडाला खत देणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पुरणपोळी वाढणं.

कीड येते ती पिठ्या ढेकणाची, पांढरी कापसासारखी. थोडी असेल तर ओल्या फडक्यानं पुसून काढा. जास्त असेल तर आपला निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीचा चुरा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. पानांच्या खालच्या बाजूनंही फवारायला विसरू नका.

साधारण दोन वर्षांनी कुंडी मुळांनी भरते. पाणी वर साचून राहायला लागलं, बुडातून मुळं डोकवायला लागली, की समजा वेळ झाली. मृगाचा पाऊस सुरू झाला की झाड कुंडीतून काढा, बाहेरची आणि खालची मिळून एक तृतीयांश मुळं कापा आणि ताज्या मिश्रणात पुन्हा लावा. मुळं कापली की वरची पानंही थोडी कमी करायची, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार येत नाही. पुन्हा तीन-चार आठवडे सावली.

तुम्ही गावाला गेलात तर?

हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच. पंचमीला माहेरी गेलात, बाळंतपणाला लेकीकडं गेलात, वारीला गेलात, तर झाडाला पाणी कोण घालणार? मे महिन्यात पसरट कुंडीतलं झाड दोन दिवसही थांबत नाही.

म्हणून आमच्या गटांत आम्ही जोडी लावतो. प्रत्येक झाडाला दोन बायका. एकीचं झाड, पण दुसरीलाही त्याची माती, त्याची जागा, त्याची तहान माहीत. गावाला जाताना किल्ली जशी सांगून देतो, तसं झाड सांगून द्यायचं. आणि दुसरीनं निष्कारण लाडानं जास्त पाणी घालायचं नाही, काडी खुपसूनच घालायचं. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल तर घमेल्यात ओली वाळू भरून त्यात कुंडी दाबून सावलीत ठेवा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी पसरट कुंडीच्या फंदात पडू नये. तुम्ही जूनमध्ये रोप सरळ जमिनीत, अंगणाच्या कडेला लावा. दिवाळीपर्यंत ते मूळ धरेल. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसानं आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घातलं तरी भागेल, आणि जमिनीत खोड लवकर जाड होतं. दोन-तीन वर्षांनी काढून कुंडीत लावता येईल. भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून मात्र लांब लावा.

आता कर्जाचं

तुम्ही आतापर्यंत ऐकलंत, त्यावरून हिशेब आपणच करू. भिंतीतलं रोप काढल्यापासून बघणाऱ्याला 'हे झाड आहे' असं वाटेपर्यंत चार-पाच वर्षं जातात. गटाच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो. झाड पाचव्या वर्षी विकलं जाणार आणि व्याज पहिल्या महिन्यापासून भरायचं, हे जुळत नाही. म्हणून बोन्सायसाठी कर्ज काढू नका, आणि गटाच्या बचतीतूनही पहिल्या वर्षी तयार झाडं विकत घेऊ नका.

आपल्या कष्टाचाही हिशेब धरा. दहा कुंड्यांना रोज पंधरा मिनिटं धरली तर वर्षाचे ९१ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर अकरा दिवसांची मजुरी. चार वर्षांची पंचेचाळीस दिवसांची. झाडाची किंमत ठरवताना ही मजुरी त्यात आली पाहिजे. प्रदर्शनातली किंमत आपल्याला जास्त वाटते, कारण त्यातले हे दिवस दिसत नाहीत.

आणि कुणी गावात येऊन म्हणालं, आमच्याकडून रोपं घ्या, मोठी झाल्यावर आम्हीच दुप्पट भावानं परत घेऊ, तर सावध राहा. इमू पक्ष्यांच्या वेळी अशा हमीचं काय झालं, ते बऱ्याच घरांना आठवत असेल. लेखी करार मागा, आधी ज्यांची झाडं परत घेतली त्या बायकांना भेटायचं आहे म्हणून सांगा. खरा माणूस भेट घालून देईल.

मग बोन्सायमधून पैसा नाहीच का? आहे, पण हळू. वडाच्या, नांदरुकाच्या, जेडच्या मुळं धरलेल्या फांद्या वर्षभरात विकता येतात. चाळलेल्या विटांचं मिश्रण शहरातल्या कुंडीवाल्यांना लागतं. ही कामं आपल्या रोपवाटिकेला जोडून होतात, त्यासाठी वेगळं भांडवल लागत नाही. कोणाला पुढं जायचं असेल तिनं तीन पावसाळे एक झाड जगवून दाखवावं, मग गटात विषय मांडावा. जिचं झाड तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे जगलं, तिच्या हाताला ते काम कळलंय असं गटानं मानावं.

तोपर्यंत पुढच्या बैठकीला येताना एवढंच करा. गावात फिरून भिंतीतली रोपं हेरून ठेवा, कुणाच्या भिंतीत आहेत ते लिहून ठेवा, आणि फुटक्या विटा गोळा करा. मृगाच्या आधी विटा चाळून झाल्या पाहिजेत. जोडी कोणाबरोबर लावायची, तेही मनात ठरवून या.